वर्षाच्या वॉरंटीतले एक्केचाळीस दिवस

पोस्ट लांबणार आहे. एक्केचाळीस दिवस गप्प बसलो होतो, तेवढं चालवून घ्या.

मी नाशिकला टॅक्सची कामं करतो. म्हणजे जुलै हा आमचा सुगीचा महिना, आणि नेमका ३ जुलैला लॅपटॉप मेला. चार्जरचा दिवा लागतो, पुढे काही नाही. मागच्या दसऱ्याला ६४ हजारांना घेतलेला, वॉरंटीत तीन महिने बाकी. त्यामुळे काळजी अशी वाटलीच नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने पाहिलं, मदरबोर्ड गेलाय म्हणाला, वॉरंटीत आहे, पाच-सात दिवस धरा. मग पासवर्ड मागितला आणि तो कागदी चिकटपट्टीवर लिहून झाकणावर डकवला. त्या मशीनमध्ये माझ्या दोनशे क्लायंटचे पॅन, आधार, बँकेचे खाते उतारे. एसएसडी, म्हणजे सगळा डेटा असतो ती डिस्क, काढून द्या म्हटलं, तर "तसं चालत नाही सर, तपासणीला लागते". मी सही करून घरी आलो. माझी चूकच ती.

सात दिवसांनी फोन केला तर "पार्ट यायचाय". बारा दिवसांनी तेच. भाच्याच्या लॅपटॉपवर रिटर्न भरत होतो, ३१ तारीख डोक्यावर. एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला: आपली तक्रार निवारण झाली आहे, आम्हाला किती स्टार द्याल? पाठोपाठ फोन, "सर, एक ओटीपी आला असेल तो सांगा". मशीन कुठाय विचारलं. "मशीन इथेच आहे, फक्त कॉल क्लोज करायचाय, परत नवीन उघडतो." याचा अर्थ माझ्या उशिराच लक्षात आला. कॉल म्हणजे तक्रारीची नोंद. ती बंद झाली की कंपनीच्या कॉम्प्युटरवर दुरुस्ती एकोणीस दिवसांत झालेली दिसणार, आणि नव्या कॉलचे दिवस पुन्हा एकपासून मोजणार. ओटीपी दिला नाही. मशीन चालू होऊन हातात येईपर्यंत तुम्हीही देऊ नका.

चोविसाव्या दिवशी सूर बदलला. आत पाणी गेलंय म्हणे, वॉरंटी लागू नाही, बोर्डाचे ३१ हजार होतील. लॅपटॉपच्या आत छोटे पांढरे स्टिकर असतात, पाणी लागलं की लाल होतात. तसा लाल स्टिकरचा फोटोही व्हॉट्सअॅपवर आला. आता गंमत बघा. फोटोतल्या मशीनला दोन पंखे होते. माझ्याला एकच आहे. जानेवारीत याच सेंटरमध्ये रॅम वाढवून घेतली तेव्हा माझ्यासमोर उघडला होता, म्हणून माहीत. फोटो चुकून दुसऱ्याचा गेला असेल, असंही असू शकतं. पण एकतीस हजारांची चूक नेमकी त्यांच्याच बाजूला कशी झुकते, हा प्रश्न पडतोच ना?

मला वाचवलं जॉबशीटने, म्हणजे मशीन जमा करताना भरलेल्या कागदाने. त्या मुलाने पहिल्या दिवशी "फिजिकल डॅमेज नाही, लिक्विड नाही" असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्याची फोटोप्रत, दोन पंखेवाला फोटो आणि तारखा एका मेलमध्ये कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवल्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. हेल्पलाइन काही हुकूम देत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. पण "पार्ट यायचाय" म्हणणाऱ्यांचा पार्ट त्यानंतर आठवड्यात आला. पाण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मध्ये एकाने ऐकवलं होतं की धंद्यासाठी वापरता, मग तुम्ही ग्राहक नाहीच. हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येत धरली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

१२ ऑगस्टला मशीन मिळालं. चालू केलं तर निळा पडदा, ४८ आकडी 'रिकव्हरी की' (डेटाचं कुलूप उघडायचा नंबर) टाका. इंजिनिअर म्हणाला, डेटा उडाला, फॉरमॅट मारू का? थांबवलं त्याला. बोर्ड बदलला की विंडोजचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, ती की मागतं. माझी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेव्ह झालेली होती, फोनवरून काढली, पाच मिनिटांत सगळं जिथल्या तिथे. हो म्हटलं असतं तर? मशीन द्यायच्या आधी ती की लिहून ठेवा, बॅकअप घ्या.

त्या काउंटरवरच्या मुलावर माझा राग नाही. पार्ट त्याच्या हातात नसतो, तो कंपनीच्या गोदामातून येतो, आणि शिव्या मात्र तो खातो. माझं भांडण त्या छापील कागदाशी आहे. त्यावर वॉरंटी एक वर्ष असं ठळक लिहिलंय, पण बिघडल्यावर किती दिवसांत दुरुस्त करून देणार याचा आकडा कुठेच नाही. दोनदा वाचला, बारीक अक्षरांसकट. आणि दुरुस्तीला पडलेले दिवससुद्धा माझ्याच वर्षातून वजा. ते एक्केचाळीस दिवस वाढवून द्या असा मेल केला, उत्तर आलं की तशी पॉलिसी नाही. म्हणजे दसऱ्याला वॉरंटी संपणार, त्यांच्या कपाटात गेलेल्या दिवसांसकट.

मी अर्ज तयार करतोय. तुमच्यापैकी कुणाला असे दिवस वाढवून मिळाले असतील, आयोगातून किंवा नुसत्या भांडणातून, तर खाली लिहा. कागद असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा, अर्जाला जोडायला उपयोगी पडेल.