शुभ्र कपड्यांसाठी कातडीचे बलिदान कसे द्यावे

कपडे स्वच्छ झाले की नाहीत हे फेसावरून ठरते, ही आपली श्रद्धा कोणत्याही परिस्थितीत ढळू देऊ नये. पुड्यावर छापलेले प्रमाण चिकट माणसांसाठी असते. आपण मूठभर पावडर घालावी आणि बोअरच्या जड पाण्यात फेस धरत नसेल तर आणखी मूठभर. फेसाचा आणि मळ निघण्याचा थेट संबंध नाही असे सांगणारे रसायनशास्त्रज्ञ बहुधा स्वतःचे कपडे धूत नसावेत.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (आम्ल-अल्कली मोजणारा pH) ५ च्या आसपास असतो आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पावडरीच्या पाण्याचा मात्र सहज १० च्या वर जातो, ही माहिती मनावर घेण्याचे कारण नाही. कॉलरवरचे तेल आणि बोटांवरचे तेल यांत भेदभाव करणे पावडरीच्या तत्त्वात बसत नाही. ती दोन्ही सारख्याच निष्ठेने काढते. हातातली अंगठी धुताना मुळीच काढू नये. तिच्याखाली साबणाचे पाणी साचून राहते, तिथे खाज सुटते आणि सोन्यात भेसळ केल्याबद्दल सोनाराशी भांडण्याची सोय होते.

कपडे एकाच बादलीत, एकदाच खळबळावेत. कापडात उरलेली पावडर काखेत आणि कमरेच्या इलॅस्टिकपाशी घामाने पुन्हा ओली होते आणि पुरळ उठते. त्याला ‘अंगातली उष्णता’ म्हणावे आणि सब्जा भिजत घालावा. फारच वाढले तर ‘ॲलर्जी’ म्हणावे, त्या शब्दाला प्रतिष्ठा आहे. डिटर्जंटची खरी ॲलर्जी तशी क्वचितच आढळते आणि बहुतेकांचा त्रास हा रोजच्या माऱ्याने त्वचा झिजल्याचा असतो, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत निदान चार मलमे तरी लावून झालेली असावीत.

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे धुण्याला बाई लावणे. त्या चार घरी धुणे करतात, त्यामुळे त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतल्या भेगा नेमक्या कोणत्या घराच्या, हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. आतून सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे त्यांना देऊ नयेत. पुढे त्या हॅण्डक्रीमही मागतील. त्यांच्या बादलीसाठी किलोवर मिळणारी सुटी पावडर आणावी आणि ‘त्वचेला सौम्य’ असे लिहिलेले महागडे लिक्विड वॉशिंग मशीनसाठी राखून ठेवावे. मशीनचा ड्रम स्टेनलेस स्टीलचा असला तरी काळजी घेतलेली बरी.