घोडी पहिल्यांदा जत्रेला नेताना

पपईला यंदा बरा भाव लागला म्हणून तुम्ही घोडी घेतलीत, हे गावात सगळ्यांना पटलं, फक्त घरात पटलं नाही. घरात पटवायचा एकच मार्ग उरतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या मैदानात घोडी उतरवायची, नंबर काढायचा आणि ढाल आणून टीव्हीशेजारी ठेवायची. घोडी दारात येऊन तीन आठवडे झालेत. तयारीला एवढे दिवस पुष्कळ झाले. काही शंकेखोर सांगतील की पहिल्या वर्षी नुसती हिंडवून आणा, गर्दी बघू द्या, गोंगाटाची सवय होऊ द्या, स्पर्धेचं पुढच्या वर्षी बघू. अशा लोकांचं ऐकून आजवर कुणाच्याही घरी ढाल आलेली नाही.

आधी नाव ठेवा. बिजली ठेवा. आपल्याकडे बिजली कधी येईल, किती वेळ टिकेल आणि ऐन वेळी कुठे जाईल याबद्दल कुणाच्या फार अपेक्षा नसतात, तेवढाच तुम्हाला दिलासा.

मग विकणाऱ्याने सांगितलेलं सगळं पाठ करा, कारण मैदानात दर दहा पावलांवर तेच सांगायचं आहे. जातिवंत मारवाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. गळ्यावर देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. (चौथ्या पायाचा पांढरेपणा पहिल्या धुण्यात जरा उतरला, ते सांगायची गरज नाही.) वय चार वर्षं. आणि वाजंत्रीला बिलकूल बुजत नाही. हे शेवटचं विकणाऱ्याने तीन वेळा सांगितलं होतं. का सांगितलं, ते विचारायचं राहून गेलं. राहणारच. त्याने भाव सांगायला रुमालाखाली तुमचा हात धरून बोटं दाबली होती, किती दाबली तेही तुम्हाला नीट कळलं नव्हतं, पण तोवर तुमची मान हलून गेली होती.

आता तयारी. नालबंदाला आदल्या संध्याकाळीच बोलवा. जाणते लोक आठवडाभर आधी खुरं तासून नाल ठोकून घेतात, म्हणजे एखादा खिळा लागला तरी पाय बरा व्हायला वेळ मिळतो. पण आठवडाभरात नालेची चकाकी जाते आणि फोटोत चमक येत नाही.

त्याच रात्री चंदी वाढवा. एरवी गवत आणि मूठभर हरभऱ्यावर असलेल्या जनावरापुढे एकदम भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं ठेवा. तुम्ही स्वतः हरभऱ्याच्या झाडावर कधीच चढून बसला आहात, घोडीने खाली उपाशी का राहावं? घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायूच इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत फिरत नाही. ते पुढे सरकतं नाहीतर तिथेच अडतं, आणि अडलं की पोटशूळ. मग रात्री दोन वाजता बिजली जमीन उकरील, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघील, बसेल, उठेल, आणि पशुवैद्य येईपर्यंत तुम्ही टॉर्च घेऊन तिला अंगणात गोल गोल फिरवाल. याला व्यायाम समजा. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच घोडी फिरवली गेली.

दाखल्याची काळजी आदल्या दिवशी करा, आधी मुळीच नको. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, म्हणून रक्ताचा नमुना तपासून दाखला घेतात आणि त्याला दिवस लागतात, असल्या बारीकसारीक गोष्टींत मालकाने लक्ष घालू नये. तुमचा दाखला तयारच असेल. घोडी आली त्याच आठवड्यात वहिनींनी डॉक्टरांना बोलावून नमुना देऊन टाकला होता. ‘आणलीच आहे तर निदान पोरांना काही व्हायला नको,’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तुम्ही तेव्हा फेटेवाल्याकडे होता.

हो, फेटा. त्यात काटकसर नको. केशरी घ्या, लांब तुरा सोडा, जमल्यास मोत्यांची माळही लावा. त्या फेट्याने पुढे काय केलं ते पुढे येईलच.

निघण्याचा दिवस. गाडी पिकअप. घोडीला गाडीत चढायची सवय आधी महिनाभर लावतात म्हणे. रोज थोडं, आत चारा ठेवून, घाई न करता. तुम्ही पहाटे पाचला लावा, सातच्या मुहूर्तावर. गाडीचा फाळका जमिनीपासून छातीइतका उंच, तेव्हा गाडी मागे घेऊन उकिरड्याला टेकवा. घोडी उकिरड्यावर चढेल, गाडीचा पत्रा हुंगील आणि थांबेल. इथून पुढे गाव तुमच्या मदतीला येतं. तात्या सांगतील, डोळ्यांवर पोतं टाका. आप्पा सांगतील, पोतं काढा. ज्याने जन्मात बैलाशिवाय काही हाकलं नाही तो शेपटी पिरगाळायला पुढे होईल, आणि त्याला पिछाडी या शब्दाचा अर्थ मांडीवर समजेल. दोघे जण मागून दोर लावून ढकलतील, तिघे पुढून ओढतील. एवढ्या सगळ्यांत आपल्याला नेमकं कुठे जायचंय हे घोडीला कळायचं राहून जाईल. १७५८ साली मराठ्यांची घोडी अटकेला पोचली, तुमची साडेनऊपर्यंत उकिरड्यावरच. शेवटी सगळे चहाला गेले की तुमचा धाकटा मुलगा गवताची पेंढी घेऊन गाडीत चढेल आणि ती त्याच्यामागे निमूट चढून जाईल. याची वाच्यता कुठे करू नका.

तापीकाठचं ते मैदान पाहिलं की तुमच्या मनात पहिला विचार येईल तो म्हणजे, एवढे घोडे? राजस्थानातून, पंजाबातून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेले. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला जाणारी माणसं एका बाजूने, घोडे बघत हिंडणारी दुसऱ्या बाजूने, आणि मधे ज्यांना दोन्ही एकाच फेरीत उरकायचंय ते. पांढरेशुभ्र नुकरे, दुरंगी अबलख, काळेभोर मुश्की. उंची लोक इंचांत सांगतात, किंमत लाखांत, आणि बातमीदार जवळ आला की कोटीत. यातले कित्येक घोडे वर्षभर सरावात असतात. रेवाल चालीचे घोडे असे सरकतात की बसणाऱ्याच्या हातातलं पाणी हिंदकळत नाही म्हणतात. तुमच्या हातातला चहा मात्र हे बघतानाच सांडलेला असेल. काही घोड्यांना खाटेवर चढवून नाचवतात आणि त्यावर नोटा उधळतात. मला त्यात घोड्याची हौस कधी दिसली नाही, पण सल्ला तुमच्या ढालीबद्दल चाललाय, माझ्या आवडीनिवडीबद्दल नाही.

बिजलीला तंबूंच्या गल्लीत नेमकी नर घोड्यांच्या मधोमध बांधा. रात्रभर तिच्या दोन्ही बाजूंना खिंकाळ्या चालू राहतील आणि अगाडी-पिछाडीचे, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांचे, खुंटे किती खोल ठोकायचे असतात ते तुम्हाला पहाटेपर्यंत समजेल. पाण्याचं सांगायचं तर अनोळखी चवीचं पाणी पुष्कळ घोडी तोंडात धरत नाहीत, आणि घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी लागतं. सकाळपासून तिने टँकरच्या पाण्याकडे नुसतं बघितलेलं असेल. गाडीत ताडपत्रीखाली घरच्या विहिरीचे चार कॅन निघतील. कुणी ठेवले ते विचारू नका.

प्रवेशद्वाराशी मात्र ती बुजेल. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, साधारण ३५० अंशांत. फक्त नाकासमोरचं थोडं आणि शेपटीमागचं दिसत नाही. त्यामुळे कमानीवरचा एका बाजूने सुटलेला, वाऱ्यावर फडफडणारा, हात जोडलेल्या पुढाऱ्यांचा फ्लेक्स तिला आपल्याआधी दिसतो. ती दोन पाय मागे घेईल. यात घाबरटपणा काही नाही, आपणही निवडणुकीआधी तेच करायला हवं होतं.

आणि आता रिंगण.

नियम सोपा असतो. घोडी हाताशी धरून आधी चालवायची, मग दुडकीत पळवायची, मग परीक्षकांसमोर चारही पाय सारखे ठेवून उभी करायची. तुम्ही फेटा बांधून, नवी मोहरकी धरून रिंगणात उतराल. बिजली तुमच्याकडे बघील, फेट्याकडे बघील, तुऱ्याकडे बघील, आणि खांबासारखी उभी राहील. तुम्ही ओढाल, ती हलणार नाही. हाताने थोपटाल, कानात लाडाने बोलाल, मग शिव्या द्याल. ती किंचित बाजूला वळून आपली डावी कूस तुमच्यापुढे करील आणि धीराने वाट बघत राहील. कशाची, ते तुम्हाला कळणार नाही. कठड्याला टेकलेल्या एका म्हाताऱ्याला कळेल आणि तो ओरडेल, ‘अहो, ती थांबलीय तुमच्यासाठी! बसा की वर, नवरदेव!’

तेवढ्यात शेजारच्या रिंगणात नाचाच्या घोड्यासाठी ढोल-ताशा सुरू होईल. बिजलीचे कान टवकारतील आणि ती चालायला लागेल. दुडकीत नाही. संथ, रुबाबात, वरातीच्या चालीने. दहा पावलं चालायचं की थांबायचं, पुढे नाचणाऱ्यांना जागा द्यायची, मग पुन्हा दहा पावलं. नाचणारं पुढे कुणीही नसतं, पण सवय ती सवय. विकणाऱ्याने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. वाजंत्रीला खरंच बुजत नाही. किती लग्नं लावलीयत तिने, वाजंत्रीच आता तिला बुजत असेल. सगळं मैदान टाळ्या वाजवील. तुम्ही हात उंचावून त्या टाळ्यांचा स्वीकार करा, दुसरा इलाज नाही.

परीक्षक सभ्य माणूस असतो. तो हसणार नाही, ओठ उचलून दात बघील. घोड्याचे दुधाचे पुढचे दात अडीचाव्या वर्षापासून पडू लागतात. खालच्या जबड्यात आधी दोन, साडेतीनला चार, साडेचारला सहा पक्के. त्यानंतर वय ओळखायचं ते झिजेवरून. दहाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसायला लागते आणि पंधराव्या वर्षी ती दाताच्या अर्ध्यावर येते. परीक्षक त्या खाचेवर नख ठेवून तुम्हाला विचारील, ‘वय काय लिहिलंय दादा तुम्ही?’ तुम्ही चार म्हणा. तो आणखी एकदा दात बघील आणि चौथ्या पायावरून ओलं बोट फिरवील. बोटाकडे बघील. मग कागदावर काहीतरी लिहील, तुमच्याहून जास्त वेळ.

संध्याकाळी ढालीविना परतताना बिजली पिकअपमध्ये आपणहून चढेल. उकिरडा लागणार नाही, तात्याही लागणार नाहीत. जनावराला घरची वाट कळते. तुम्ही फाळका लावत असताना एक जण येऊन विचारील, ‘भाऊ, घोडी कितलाले लिधी?’ तुम्ही आकडा सांगा. खरा सांगू नका, दुप्पट सांगा, मारवाडी रक्त आणि देवमणासकट.

तो मान डोलावून म्हणेल, ‘विकत नको हो. एका संध्याकाळचं काय घेता? पोराचं लग्न आहे.’

तुमचा हात फेट्याकडे जाईल, तोंडून काहीतरी जळजळीत निघणार, इतक्यात गाडीच्या केबिनमधून वहिनींचा आवाज येईल. ‘तारीख कोणती?’