श्रेय श्रीलंकेलाही द्यायला हवे

दांबुला येथे २८ जुलै २०२४ रोजी झालेल्या महिला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारत केवळ गाफीलपणामुळे हरला, हे लेखातील मत मला एकांगी वाटते. सांगलीच्या स्मृती मानधनाने ६० धावा केल्यावर भारताने १६५ पर्यंत मजल मारली होती आणि अंतिम सामन्याचे दडपण पाहता ते आव्हान मुळीच किरकोळ नव्हते. तरीही चामरी अटापट्टू (६१) व हर्षिता समरविक्रमा (नाबाद ६९) यांच्या भागीदारीच्या बळावर श्रीलंकेने ते आठ गडी आणि आठ चेंडू राखून पार केले. शिवाय २०१८ मध्ये क्वालालंपूरच्या अंतिम सामन्यात बांगलादेशानेही शेवटच्या चेंडूवर भारताला नमवले होते, याचा लेखात साधा उल्लेखही नाही.