डिटेक्टर आहे हो, पण चालू कुठं करता?

टाकीत उतरण्याआधी गॅस डिटेक्टर, म्हणजे हवेतला घातक वायू ओळखणारं यंत्र लावा, असं तुमच्या लेखात म्हटलंय. बरोबरच आहे. पण आमच्या चिकोडी-अथणी पट्ट्यात साखर कारखाने पुष्कळ, आणि गोम यंत्र वापरण्यात आहे. मळीच्या टाकीच्या तोंडाशी उभं राहून बटण दाबू नका. काही यंत्रं चालू होताना भोवतालच्या हवेलाच शून्य धरतात. तिथं आधीच गॅस असला तर पुढचा आकडा कमीच दाखवणार. लांब, मोकळ्या हवेत चालू करा.

अशा टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड. तोंडाशी शून्य दिसलं म्हणून लगेच शिडी आत सोडायची नाही. यंत्राची नळी आत सोडून वर, मध्ये, तळाला तपासा, आकडा स्थिर होईस्तोवर थांबा. आणि 'वास आला की बाहेर येतो की' म्हणणाऱ्या शहाण्यांनो, १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग गॅस) आसपास नाकच बधिर होतं!

रोज वापरण्याआधी बंप टेस्ट हवीच, म्हणजे ठरावीक गॅस सोडून भोंगा वाजतो का ते बघणं. नुसतं कॅलिब्रेशनचं (आकडा बरोबर जुळवून घेतल्याचं) स्टिकर बघून काय कळणार? सिलिकॉन स्प्रेपासूनही यंत्र लांब ठेवा, ज्वलनशील गॅसचा सेन्सर त्यानं निकामी होतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांनी (धातू ओतकाम करणाऱ्यांनी) कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर खिशात न घालता छातीवर लावावा. त्या गॅसला वासच नसतो.