वांगं हातात घेऊन बघायचंय मला

परवा भावाकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता मी म्हटलं, रविवारी मंडईत जायचंय, मटार आलाय का बघते. लगेच वहिनी म्हणाली, "अगं, कशाला जिवाला एवढा त्रास करून घेतेस? मोबाइलवर टाक, दहा मिनिटांत दारात येतं." भावाने मान डोलावली, माझ्या मुलाने डोलावली, आमच्या ह्यांनीही डोलावली. कुणाच्या मनात वाईट काहीच नव्हतं, उलट काळजीच होती. पण तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मला पोलिओ झाला १९७२ साली, दीड वर्षाची असताना. डावा पाय गेला. लहानपणापासून कॅलिपर, म्हणजे पायाला ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार, घालून चालले, शाळा-कॉलेज केलं, बत्तीस वर्षं नोकरी केली. गेल्या सहा वर्षांपासून मात्र दोन्ही हातांत कुबड्या आल्या. आपल्याकडे पोलिओ संपला हे खरंच आहे. पोलिओच्या मूळ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पण ज्यांना तो आधीच झाला ते आम्ही सगळे अजून आहोत, आणि आता पन्नाशी-साठीत आलो आहोत. या वयात पोलिओ पुन्हा आपलं अस्तित्व दाखवतो. पहिल्या आजारात स्नायूंना चालवणाऱ्या काही मज्जापेशी मरतात आणि उरलेल्या पेशी त्यांच्या वाटचं काम अंगावर घेतात. तीस-चाळीस वर्षं त्या ओढतात, मग त्याही थकतात. चांगला असलेला पाय दुखायला लागतो, खांदे भरून येतात, दुपारी तीन वाजता अंगातलं सगळं बळ कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं. "जरा चालत जा, मोकळं होईल" असं मला प्रेमाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सांगते, माझ्या बाबतीत ते उलटं आहे. थकलेल्या स्नायूंना आणखी ताण दिला की ते जास्तच खचतात. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट बजावली आहे, बळ जपून खर्च करा.

त्यामुळे माझा बाजार घरातूनच सुरू होतो. बाजाराच्या दिवशी मी डोक्यावरून अंघोळ करत नाही, कारण हात वर धरून केस धुण्यात जे खांदे शिणतात तेच मला पुढे कुबड्यांवर लागतात. कुकर हे लावतात. यादी मी जिन्नस आठवतील तशी करत नाही, दुकानात कुठली वस्तू कुठे आहे त्या क्रमाने करते. मीठ विसरलं म्हणून परत मागे जाणं मला परवडत नाही. आणि पिशवी! दोन्ही हात कुबड्यांत गुंतलेले, मग पिशवी धरायची कशात? एका खांद्याला लावली की तोल त्या बाजूला जातो. शेवटी आमच्या शिंप्याकडून एक पिशवी शिवून घेतली, वारकऱ्यांच्या पडशीसारखी, पुढे एक कप्पा आणि पाठीवर एक. पुढे कांदे-बटाटे, मागे पालेभाजी. दोन किलोच्या वर वजन घ्यायचं नाही. ही पिशवी म्हणजे माझे हात आहेत.

आता कळेल, की घराजवळच्या एका मोठ्या सुपरमार्केटच्या दारात मला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल. तिथला पहारेकरी म्हणाला, "मॅडम, बॅग इथे जमा करा." मी म्हटलं, "दादा, मग मी सामान कशात घेऊ?" तो म्हणाला, "ट्रॉली आहे ना." दोन कुबड्या घेऊन ट्रॉली कशी ढकलणार, हे त्या मुलाच्या लक्षात येत नव्हतं आणि त्यात त्याची चूकही नव्हती. त्याला नियम सांगितला होता, माणसं सांगितली नव्हती. अर्धा तास उभं राहून मॅनेजरशी बोलले तेव्हा पिशवी आत गेली. त्या अर्ध्या तासात माझं त्या दिवसाचं बळ संपलं. यादीतल्या चौदापैकी पाच वस्तू घेतल्या आणि रिक्षा करून घरी आले.

नंतर मी तिथे मुद्दाम जात राहिले. तूरडाळीचे पुडे अगदी खालच्या फळीवर. माझा गुडघा चालताना कॅलिपरमध्ये कुलूपबंद असतो, मला वाकून खालचं उचलता येत नाही. कुणाला तरी "जरा देता का" म्हणायचं. लोक देतात, आनंदाने देतात. पण दोन कंपन्यांच्या डाळी शेजारी ठेवून भाव ताडून बघायचे असतील तर? दुसऱ्यांदा "आता तो दुसरा द्या" म्हणायला जीभ रेटत नाही. मग पहिला हातात आला तो घ्यायचा. मदतीची ही किंमत बाहेरून दिसत नाही. मदत घेणाऱ्याला निवड करायचा हक्क राहत नाही, मिळेल त्यात समाधान मानावं लागतं.

आणि एक गोष्ट फार लागते. मुलगा बरोबर असला की दुकानातली माणसं त्याच्याशी बोलतात. "त्यांना काय हवंय?" असं माझ्यासमोर त्याला विचारतात. घरात कुठलं तेल चालतं, बासमती सणाला लागतो की रोज, हे तीस वर्षं मी ठरवते आहे. त्याला तर जिरं आणि शहाजिरं यांतला फरकही मीच शिकवला.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सात-आठ इंचांच्या, धरायला काही नाही. पूर्वी मी खालूनच हाक मारायची आणि काका पुडे आणून द्यायचे. मला माहीत आहे की तिथे रॅम्प होणार नाही. व्हीलचेअर नीट चढायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो, म्हणजे त्या तीन पायऱ्यांसाठी बावीस-तेवीस फूट. आमची अख्खी गल्लीच तेवढी रुंद नाही. उगाच नावाला केलेला उभा रॅम्प मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. त्यावरून माझ्या कुबडीचं रबरी बूच सरळ घसरतं, पायरीपेक्षा तो जास्त धोक्याचा. म्हणून काकांना मी रॅम्प मागितला नाही, एक कठडा मागितला. त्यांनी फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाइप वाकवून बसवून घेतला, निळा रंग दिला. वर गल्ल्याशेजारी एक स्टूल ठेवलं. एवढ्यावर माझं त्या दुकानाशी पुन्हा नातं जुळलं. आता मी वर जाते, स्टुलावर बसते, बरण्या बघते, "हा गूळ चिक्कीचा की साधा" विचारते. वर्षभरात त्या पाइपावरचा निळा रंग हात पडतो तिथे पार उडाला आहे. एकट्या माझ्या हाताने तो उडालेला नाही.

मोठ्या दुकानांना मात्र ही सूट देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जागा त्यांच्याकडे आहे, पैसा आहे, आणि कायदाही आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क सांगणारा २०१६ चा कायदा सरकारी कार्यालयांपुरता नाही. लोकांना सेवा देणाऱ्या खासगी आस्थापनांनाही तो लागू आहे. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि त्यानंतर दोन वर्षांत सेवा सुगम, म्हणजे आमच्यासारख्यांना सहज वापरता येतील अशा, व्हायला हव्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगमतेचे निकष नुसत्या मार्गदर्शक सूचना म्हणून चालणार नाहीत, काही निकष सक्तीचेच हवेत. इतकं सगळं कागदावर आहे आणि बिलिंगच्या रांगेत बसायला एक खुर्ची नाही. रांगेत पंधरा मिनिटं स्थिर उभं राहणं हे चालण्यापेक्षा अवघड असतं, हे कुणी विचारातच घेतलेलं नसतं. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यात गुडघे दुखणाऱ्या सगळ्या आज्या, नुकतं ऑपरेशन झालेली माणसं, पोटुशी बायका धरलेल्या नाहीत. खुर्ची त्यांनाही हवी असते.

घरपोच सेवेला माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. पीठ, तेलाचा डबा, साबण, भांड्यांची पावडर हे सगळं मी घरीच मागवते, आणि ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्यासाठी ती सोय फारच मोलाची आहे. पण तिथेही बघा. बेल वाजते. मला दारापर्यंत पोचायला दीड-दोन मिनिटं लागतात. त्या पोराला पुढच्या घरी जायची घाई, तो पिशवी दारात जमिनीवर ठेवून निघून जातो. मला सगळ्यात अवघड काम कुठलं? जमिनीवरचं उचलणं. म्हणजे दूध दारात आलेलं असतं आणि मी दाराच्या आत उभी राहून शेजारच्यांची वाट बघते. शेवटी दाराबाहेर कमरेच्या उंचीवर एक जाड हूक ठोकून घेतला आणि वर लिहिलं, 'पिशवी कृपया इथे अडकवा.' आता बहुतेक मुलं अडकवतात. एवढ्याशा हुकाने माझी सकाळ बदलली.

पण भाजी? भाजी मी घरी मागवू शकत नाही. का, ते सांगते.

मी सहा-सात वर्षांची असताना आई मला कडेवर घेऊन मंडईत जायची. आम्ही तेव्हा पुण्यात शुक्रवार पेठेत राहायचो. १८८६ सालची ती इमारत, म्हणजे आताची महात्मा फुले मंडई; आमची आजी तिला शेवटपर्यंत जुन्या नावाने 'रे मार्केट'च म्हणायची. अष्टकोनी, मधे उंच मनोरा, आत दगडी थंडावा. कडेवरचं ओझं घेऊन आईला फिरता यायचं नाही, म्हणून ती मला एका ओळखीच्या भाजीवाल्या मावशींच्या गाळ्यावर, टोपल्यांच्या मधे बसवून पुढे जायची. तास-तास मी तिथे बसलेली असायची. बाकीची मुलं लंगडी खेळत तेव्हा मी वांगी शिकत होते. देठ हिरवा हवा, आणि आकाराच्या मानाने वांगं हातात हलकं लागलं पाहिजे, जड असलं की आत बी. भेंडीचं टोक कट्‌कन मोडलं पाहिजे. दुधीला नख सहज रुतलं पाहिजे. लिंबू पातळ सालीचं, सीताफळाचे डोळे उघडलेले. मावशी म्हणायच्या, "पोरीच्या हाताला पारख हाय." माझ्या पायांबद्दल अख्खं जग बोलायचं. माझ्या हातांबद्दल पहिल्यांदा बोलल्या त्या मावशी.

मोबाइलवर वांग्याचं चित्र असतं. रोज तेच, चकचकीत. ते हातात घेऊन बघता येत नाही. जे येतं ते कुणीतरी घाईत भरलेलं असतं, त्यात दोन किडकी निघतात, पैसे परत मिळतात, तक्रारीला जागा नाही. पण मला पैसे परत नको होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आली, तेव्हा कितीतरी वर्षांनी मी एकटी तिथे गेले. कोथरूडहून बसले, मधे गाडी बदलली, लिफ्टने वर आले. शेवटची शंभरेक पावलं कठीण होती. फूटपाथवर दुचाक्या, उचकटलेले पेव्हर ब्लॉक, आणि बाजाराच्या तोंडाशी कोबीचा ओला पाला. कुबडीखाली पाला आला की काळजात धस्स होतं. थांबत, टेकत, पोचले. एका गाळ्याशी वाकून बघत होते, तर तिथल्या बाईंनी न बोलता प्लास्टिकचं क्रेट उपडं करून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा ताई, निवांत निवडा." त्यांनी मला भरून दिलं नाही. त्यांनी मला निवडू दिलं. अर्धा किलो वांगी निवडायला मी दहा मिनिटं घेतली असतील. त्या रात्री खांदे इतके दुखले की झोप लागली नाही, आणि सकाळी भरली वांगी केली.

पाय काम करत नाही याची सवय मला त्रेपन्न वर्षांची आहे. त्याने मी कधी घरात बसले नाही. आता घरात बसायची वेळ येते ती पायरीमुळे, खालच्या फळीमुळे, खुर्ची नसलेल्या रांगेमुळे, आणि "तू कशाला येतेस, आम्ही आणतो ना" या मायेच्या वाक्यामुळे. माझ्यापर्यंत सामान आणून देणं सगळ्यांना सोपं वाटतं. सामानापर्यंत मला जाता यावं, यावर मात्र फारसं कुणी डोकं लावत नाही. ज्यांचं दुकान आहे अशा माझ्या मित्रयादीतल्या लोकांना विनंती आहे, उद्या एक स्टूल ठेवा. डाळी-तांदळाच्या छोट्या पुड्यांची एक रांग कमरेच्या उंचीवर लावा. दारात कठडा बसवा. आणि बरोबर कोण आलंय ते न बघता ज्याला घ्यायचंय त्यालाच विचारा.

वहिनी, तू हे वाचशीलच. रागावू नकोस, तुझी माया मला कळते. रविवारी चल माझ्याबरोबर. साडेआठला निघू, नंतर गर्दी वाढते आणि मला धक्के सोसत नाहीत. मटार घेऊ, वांगी घेऊ. निवडीन मी, पिशवी तू धर.