साडेचार सूत

आमची मारुती 800 थांबत नव्हती असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. थांबायची, खरं स्वतःच्या सवडीनं. (आम्ही बेळगावकर 'पण'ला 'खरं' म्हणतो. परगावच्या वाचकांनी दचकू नये.) 1997 सालची, केए 22 पासिंगची, आबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. कंपनीनं हे मॉडेल 2014 च्या जानेवारीत बंद केलं. आमच्या घरात तसा ठराव अजून झालेला नाही.

तिच्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नव्हता, वय होतं. त्यामुळे थांबणं हे नियोजनाचं काम असे. काँग्रेस रोडवरून येताना गोगटे सर्कलला थांबायचं तर मिलिटरी महादेवापाशीच पायाला सुरुवात करावी लागे. देवळासमोरून जाताना लोक डोळे मिटून नमस्कार करतात, मी डोळे सताड उघडे ठेवून करायचो. एकदा कोल्हापूरचे मेहुणे शेजारी बसले होते. सिग्नल ओलांडून गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "दाजी, ह्याला ब्रेक म्हणत नाहीत. हा पायानं द्यायचा विनंती अर्ज आहे."

ते लागलं. दुसऱ्याच दिवशी मी गाडी उद्यमबागेत आमच्या मिस्त्रींकडे नेली.

"सर, हे जुनं घासत बसण्यापेक्षा नवीन मॉडेलचं टाकूया की," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडं एक गाडी आलीया, मागनं ठोकल्याली. पुढचं सगळं एक नंबर हाय. डिस्क, कॅलिपर, हब आणि नकल."

"नकल नको," मी ठामपणे म्हणालो. "असल काय असेल ते टाका."

तीस वर्षं हायस्कुलात शिकवल्यावर नक्कल म्हणजे एक तर कॉपी, नाही तर कचेरीत अर्ज करून मिळणारा कागद. मिस्त्रींनी माझ्याकडे, मी दहावी 'क'कडे बघतो तसं बघितलं. मग एक लोखंडी ठोकळा उचलून दाखवला. चाक ज्यावर बसतं तो हब आणि डिस्कला चिमटीत पकडणारा कॅलिपर ज्याच्या आधारानं बसतात, ती ही नकल. इंग्रजी नकल (knuckle) गॅरेजात येऊन मराठी झाली होती, मलाच कुणी कळवलं नव्हतं.

"किती दिवस?"

"दोन. आज सोडा, परवा घेऊन जावा."

परवा गेलो. नवी डिस्क छान बसली होती. मोठी आणि चकचकीत, जुन्या वाड्याला स्टीलचं दार लावावं तशी. फक्त चाक बसत नव्हतं. माझं रिम 12 इंची, आणि नव्या कॅलिपरचं पोट त्याच्या आत मावत नव्हतं. मग 13 इंची चाकं आली. तीही नव्या मॉडेलचीच घ्यावी लागली, कारण चाकाची चार भोकं ज्या वर्तुळावर असतात ते माझ्या गाडीचं 114.3 मिलिमीटरचं आणि नव्या हबचं 100 मिलिमीटरचं. आता पुढं नवं वर्तुळ आणि मागं जुनं. एकाच गाडीत दोन राज्यं. आमच्या भागात ही गोष्ट कुणाला नवीन नाही, पण चाकांना ती चालत नाही.

इथं शेजारच्या लेथवाल्याचा प्रवेश झाला. तो कानडी बोलतो, मिस्त्री मराठी बोलतात आणि दोघं भांडतात सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 114.3 मिलिमीटर म्हणजे साडेचार इंच, आणि त्यातनं 100 गेले की उरतात बरोबर साडेचार सूत. गणित इतकं गोड जुळलं की मी शिक्षक असूनही टाळी वाजवली. कुणी सामील झालं नाही.

"आगतैत्री," म्हणजे होतंय की, लेथवाला म्हणाला. मधे जाड प्लेट घालायची, तिला एका वर्तुळावर चार भोकं, दुसऱ्यावर चार स्टड, म्हणजे चाक अडकवायचे बोल्ट. झालं काम.

मिस्त्रींनी मान हलवली. "घाटात चाक पुढं जाईल आणि सर मागं राहतील."

म्हणून मागची चाकं ज्यांवर बसतात ते ब्रेकचे ड्रमही नव्या मॉडेलचे आले.

यानंतर पेडल थेट तळाला जायला लागलं. नव्या कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना ढकलायला तेल जास्त लागतं, आणि पेडल दाबलं की ते तेल ढकलणारा आमचा मास्टर सिलेंडर आपला जुना, बारीक. तांब्यानं हंडा भरायचा प्रकार. मास्टर सिलेंडर बदलला तर त्याच्याबरोबर बूस्टर आला, कारण मोठ्या सिलेंडरला पायाचा जोरही जास्त लागतो. बूस्टरला जागा हवी म्हणून बॅटरी सरकली. बॅटरी सरकली म्हणून वायरी आखूड पडल्या. वायरी जोडल्या आणि हॉर्न गेला. बेळगावात ब्रेकशिवाय गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, हॉर्नशिवाय कुणी नाही. दोन दिवसांचे एकवीस झाले. या काळात मी शाळेत सायकलनं जात होतो. सायकलचे ब्रेक उत्तम आहेत, ही गोष्ट बायकोनं रोज एकदा सांगितली.

शेवटचा अंक हवा काढण्याचा. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाय दाबला की तो दबतो आणि ब्रेक मऊ लागतो. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. मिस्त्री गाडीखाली पाना घेऊन, मी सीटवर.

"दाबा. दाबा. दाबा. धरा!"

मी धरलं. पेडल हळूच खचलं, खालनं तेल चिरकलं.

"सोड! अहो सर, मी सोडा म्हणायच्या आधी का सोडला?"

"तुम्हीच आत्ता म्हणालात."

"ते पोराला म्हणालो, डबा सोड म्हणून."

असं चार चाकांना मिळून दीड तास. जन्मभर वर्गाला उठा-बसा म्हटल्याचं सगळं फिटलं. निघालेलं जुनं तेल कडक चहाच्या रंगाचं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं, आणि बेळगावात चार महिने पाऊस.

गाडी दारात आली तेव्हा गल्लीतल्या वकीलसाहेबांनी तिला एक प्रदक्षिणा घातली. "मोटार वाहन कायदा, कलम 52," ते म्हणाले. "कंपनीच्या मूळ तपशिलात बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानंही 2019 च्या जानेवारीत तेच सांगितलंय." मग चाकाला हलकी लाथ मारून, "दिसतात मात्र झकास." वकिलाचं मत दोन्ही बाजूंनी असतं.

नवे पॅड डिस्कवर मुरायला थोडे दिवस हळुवार ब्रेक मारावे लागतात. ते मारले, आणि एका रविवारी आईला घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो. येताना उतारावर एक म्हैस आडवी आली. मी सवयीनं, म्हणजे म्हैस अजून ठिपक्याएवढी असताना, पूर्ण ताकदीनं पाय दाबला.

गाडी उभी राहिली. तिथंच. म्हैस इतकी लांब होती की तिला हे कळलंसुद्धा नाही. आणि सीटखालून पंचवीस वर्षांचा संसार घरंगळत पुढं आला: चार आण्याची दोन नाणी, एक पेनाचं टोपण, वाळलेलं लिंबू आणि आबांचा अडकित्ता. या अडकित्त्यावरून आई आणि आत्यांचा सतरा वर्षं अबोला आहे. आईनं तो उचलला, उलटापालटा केला, पिशवीत टाकला आणि म्हणाली, "घरी काही बोलू नकोस."

बाकीचे गुण हळूहळू कळले. नव्या चाकाचा घेर मोठा, त्यामुळे काटा 60 वर असताना गाडी 63 नं पळत असते, आणि शंभर किलोमीटर गेलो तरी मीटर साडेपंचाण्णवच मान्य करतो. पेट्रोलचा हिशोब बायको लिहिते. ॲव्हरेज का पडलं हे मी तिला घेर, त्रिज्या आणि गुणोत्तरानं समजावलं. तिनं वहीत लिहिलं: 'ब्रेकमुळे.'

मे महिन्यात कोल्हापूरला मेहुण्यांच्या मुलाचं लग्न. डिकीत कुंद्याचे सहा डबे भरून निघालो. मुद्दाम गाडीनंच. वंटमुरी घाटात मागचं डावं चाक पंक्चर झालं.

मी अजिबात घाबरलो नाही. बायकोला कुंदा उतरवायला सांगितला, जॅक लावला, नट काढले, डिकीतून स्टेपनी काढली. आबांनी जपलेली, 12 इंची, 1997 ची. चाकाच्या जागी नेऊन धरली. एका भोकात एक स्टड गेला. बाकीचे तीन शेजारून बघत राहिले. मी ती फिरवून धरली. पुन्हा फिरवली.

साडेचार सूत.

एक लॉरीवाला थांबला. भला माणूस. माझ्या हातातून स्टेपनी घेतली, लावून बघितली, एक डोळा मिटून बघितली.

"इद याव गाडीद्री?" ही कुठल्या गाडीची?

"ह्याच गाडीची," मी म्हणालो.

त्यानं स्टेपनीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, नंबरप्लेट वाचली आणि मग काळजीनं माझ्याकडं बघितलं. बायकोनं त्याला कुंदा दिला. तेवढ्यात मेहुण्यांचा फोन.

"दाजी, मंडळी जमली सगळी. कुठवर आलाय?"

"वंटमुरी घाटात. गाडी थांबलीय."

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही.

"खरंच?" मेहुणे म्हणाले. "पूर्ण?"