२५२० चे श्रेय रामानुजनांना नको

डिसेंबर लागला की सोलापुरात सिद्धेश्वर तलावाभोवती सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक जुना संदेश नव्याने फिरू लागतो. १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या रामानुजन यांनी शोधली, तोवर अशी संख्या असूच शकत नाही असे गणिती मानत होते, आणि ७ वार, ३० दिवस व १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे गुपित आहे, असे त्यात म्हटलेले असते. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी शेजारची मुलगी हाच मजकूर फळ्यावर लिहिणार होती, म्हणून हा प्रतिवाद.

‘एकमेव’ हा शब्द २५२० ची दुप्पट करताच गळून पडतो, कारण ५०४० लाही या दहांनी भाग जातो आणि पुढच्या प्रत्येक पटीला जातो. २५२० ही त्यांतली फक्त सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला लसावि. अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या कारखान्यात टॉवेलच्या थप्प्या ५, ७, ८ किंवा ९ च्या, कशाही लावल्या तरी एकही टॉवेल उरू नये असे वाटत असेल, तर कमीत कमी ५ × ७ × ८ × ९ = २५२० टॉवेल लागतील; २, ३, ४, ६ आणि १० च्या थप्प्या मग आपोआप जुळतात.

असे काही नसतेच अशी समजूत होती, हे तर इतिहासाला धरून नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने तीन संख्यांचा लसावि काढण्याची रीत दिली, आणि त्याच्याही आधी प्लेटोने आदर्श नगरात ५०४० कुटुंबे असावीत असे सुचवताना, या संख्येला १ ते १० या सर्वांनी भाग जातो हेच कारण दिले होते.

७ × ३० × १२ हा गुणाकार बरोबर आहे, पण ७ × १८ × २० हाही तितकाच बरोबर आहे, कारण दोन्हींतून २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७ हेच मूळ अवयव निघतात. महिना ३१ दिवसांचा धरला, तर २६०४ येतात आणि त्यांना ५ नेही भाग जात नाही.

रामानुजनांचा प्रश्न वेगळा आणि कितीतरी अवघड होता. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांचे विभाजक जास्त आहेत, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ४८ विभाजकांची २५२० त्यांच्या यादीत इतरांसारखीच एक आहे. शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८०० असून तिचे विभाजक १०,०८० आहेत, आणि तिला १ ते २८ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भाग जातो. नवल फळ्यावर लिहायचेच, तर हे लिहावे. हाताने केलेल्या त्या यादीत एक संख्या सुटली, २,९३,३१,८६,२५,६००. तिला २३ ने गुणले की यादीतली शेवटची संख्या मिळते, आणि तिचे विभाजक मोजले तर बरोबर ५०४० भरतात.